घराला रंग कधी काढायचा? सणाची तारीख नंतर बघा, आधी भिंत वाळलीय का ते बघा

दरवर्षी सप्टेंबर लागला की घरोघरी एकच विषय निघतो, यंदा दिवाळीच्या आधी रंग काढून घेऊ. मग पेंटर शोधायची धावपळ, तो मिळत नाही, मिळालाच तर एकदम तीन-चार घरं धरून बसलेला असतो, सकाळी एक माणूस पाठवतो, दुपारी तोही दुसऱ्या साइटवर जातो, इकडे फराळाची तयारी चाललेली, कपाटं हॉलच्या मधोमध ओढलेली, आणि धनत्रयोदशीच्या आदल्या रात्री कसाबसा दुसरा हात मारून होतो. दिवाळीत घर छान दिसतं यात वादच नाही. पण पुढच्या पावसाळ्यापर्यंत, कधीकधी तर होळीपर्यंतच त्या रंगाला फुगे येतात, पोपडे सुटतात, आणि आपण म्हणतो हल्ली रंगच चांगले येत नाहीत.

आमच्या गावच्या घराचं २०१९ ला अगदी असंच झालं. घर चिपळूणजवळ, जांभ्याच्या चिऱ्याचं, वरून सिमेंटचा गिलावा. त्या वर्षी पाऊस जायलाच तयार नव्हता, राजस्थानातून मान्सूनचा परतीचा प्रवासच मुळात ९ ऑक्टोबरला सुरू झाला आणि लक्ष्मीपूजन होतं २७ ऑक्टोबरला. मधे चार-पाच दिवस कडक ऊन पडलं, भिंत हाताला कोरडी लागली, म्हणून घाई करून बाहेरून चांगल्यातला एक्स्टीरियर इमल्शन, म्हणजे बाहेरच्या भिंतीचा पाण्यातला रंग, दोन हात मारून घेतला. ऐन दिवाळीच्या तोंडावर अरबी समुद्रात क्यार वादळ, परत पाऊस. शिमग्याला गावी गेलो तर पश्चिमेच्या भिंतीवर पापुद्रे सुटलेले, नख घातलं की पोस्टकार्डाएवढा तुकडा हातात यायचा आणि त्याच्यामागे पांढरी खारट भुकटी. रंग वाईट नव्हता, पेंटरने कामात चुकारपणाही केला नव्हता. भिंतीच्या पोटात पाणी होतं आणि आम्ही त्यावर वरून झाकण लावून टाकलं होतं. तो रंग खरवडायला, परत प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, मारायला आणि परत रंगवायला दुप्पट खर्च आला, म्हणून हे सगळं नीट लिहून ठेवतोय, कारण हा खर्च खरंच टाळता येतो.

पहिली गोष्ट ही समजून घ्या की दिवाळीच्या आधी रंग काढायची पद्धत चुकीची नव्हती, ती चुन्यासाठी होती. आजी-आजोबांच्या काळात कळीचा चुना आणून पिंपात विरवायचे, दोन-तीन दिवस मुरू द्यायचे, त्यात डिंक किंवा सरस घालायचे, पांढरेपणा यावा म्हणून थोडी नीळ, आणि कुंच्याने भिंतीला मारायचे, खाली हातभर काव, म्हणजे तांबड्या मातीचा पट्टा. भिंती मातीच्या किंवा चुन्यात बांधलेल्या. चुना श्वास घेतो, म्हणजे भिंतीतला ओलावा त्याच्यातून आरामात बाहेर निघून जातो, शिवाय चुना नुसता वाळून घट्ट होत नाही, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्याचा परत दगड बनतो आणि त्या क्रियेला थोडा ओलसरपणा लागतोच. मे महिन्याच्या उन्हात चुना मारला तर तो भुकटी होऊन हाताला लागतो. म्हणजे पावसानं उडालेला, शेवाळलेला थर झाडून ऑक्टोबरात चुना मारणं हे एकदम बरोबर होतं. पुढे भिंती सिमेंटच्या झाल्या, चुन्याच्या जागी डिस्टेंपर आणि मग प्लास्टिक पेंट आला, पण तारीख तीच राहिली. आत्ताच्या रंगाचा वाळून एक पातळ पडदा बनतो. बाहेरचं पाणी तो अडवतो हे चांगलंच, पण आतलं पाणीही तो तितक्या सहज बाहेर सोडत नाही.

चार महिने झड खाल्लेली भिंत वरून दोन-तीन दिवसात कोरडी दिसते, आतून वाळायला तिला आठवडे लागतात. ऊन तापलं की आतलं पाणी बाहेर यायला बघतं, येताना विटेतले, वाळूतले, सिमेंटमधले क्षार विरघळवून बरोबर घेऊन येतं, आणि रंगाच्या मागे येऊन अडकतं. पाण्याची वाफ रंगाला ढकलते, तो फुगा. क्षार तिथेच साठून त्यांचे खडे होतात, तो खार, आणि तो खार रंगाला भिंतीपासून सोडवतो. म्हणूनच पोपडा पावसात न सुटता बरेचदा फेब्रुवारी-मार्चमधे सुटलेला दिसतो आणि लोकांना वाटतं उन्हाने रंग गेला.

आता भिंत वाळलीय का हे कसं कळणार. हात लावून कळत नाही, हे आमच्यावरून सांगतो. एक अगदी फुकटातला उपाय आहे, तो करा. जाड प्लास्टिकचा साधारण दीड फूट बाय दीड फूट तुकडा घ्या, दुधाची पिशवी पुरत नाही, हार्डवेअरच्या दुकानात जे पारदर्शक प्लास्टिक मिळतं ते घ्या, आणि भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने नीट बंद करून चिकटवा, हवा जाता कामा नये. संध्याकाळी लावा आणि दुसऱ्या दिवशी बघा, निदान सोळा तास तरी राहू दे. काढताना आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला पाण्याचे थेंब किंवा वाफ दिसली, किंवा तेवढाच चौकोन बाजूच्या भिंतीपेक्षा गडद दिसला, तर भिंत अजून ओली आहे, पंधरा दिवस थांबा आणि परत लावा. एकाच जागी बघून भागणार नाही. आपल्याकडे पाऊस नैऋत्येकडून येतो त्यामुळे पश्चिमेची आणि दक्षिणेची भिंत सगळ्यात जास्त भिजते, तिथे एक, बाथरूमच्या मागच्या भिंतीवर एक, आणि जमिनीपासून हातभर उंचीवर एक अशा तीन जागी तरी लावा. पेंटरकडे मॉइश्चर मीटर असेल तर प्रश्नच नाही, त्याच्या दोन टाचण्या भिंतीला टेकवल्या की ओलीचा आकडा येतो. चुन्याचा किंवा डिस्टेंपरचा जुना थर असेल तर तळहात भिंतीवर घासून बघा, हात पांढरा झाला तर तो थर खरवडल्याशिवाय वर काहीही मारू नका, मोसम कितीही चांगला असला तरी.

मग महिना कुठला. हे गावागणिक बदलतं, पुण्यातल्या माणसाचा सल्ला देवगडला चालत नाही.

आधी कोकण, मुंबई, ठाणे, गोवा. मुंबईत पाऊस परतायची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर धरतात, पण त्यानंतरही संध्याकाळच्या गडगडाटी सरी असतात आणि हवेत दमटपणा भरपूर असतो, ऑक्टोबर हीटमधे अंगाला घाम सुटतो तो वाळत नाही तर भिंत काय वाळणार. त्यामुळे बाहेरच्या भिंतींना डिसेंबरच्या आधी हात लावू नका असंच माझं मत. डिसेंबर ते फेब्रुवारी अखेर हे सोन्यासारखे दिवस, हवा कोरडी, ऊन सोसवणारं, आणि मजूरही मिळतात. गोव्यात नाताळच्या आधी घराला रंग काढायची पद्धत आहे ती या हिशेबाने किती बरोबर बसते बघा, पाऊस जाऊन दोन महिने होऊन गेलेले असतात.

पुणे, सातारा, कोल्हापूर, नाशिक, नगर, इकडे देशावर पाऊस कमी आणि हवा लवकर कोरडी होते, नोव्हेंबरच्या मध्यापासून बाहेरचं काम काढायला हरकत नाही. पण महाबळेश्वर, भोर, मुळशी, इगतपुरी असा घाटमाथ्यालगतचा भाग असेल तर कोकणाचाच नियम लावा, तिथे भिंती हिवाळाभर ओल धरून असतात. आणखी एक, निफाडसारख्या भागात डिसेंबर-जानेवारीत थंडी फार पडते, कधीकधी पारा पाचच्याही खाली जातो. पाण्यातले रंग साधारण १० अंशांच्या खाली नीट जमत नाहीत, म्हणजे पाणी उडतं पण रंगाचे कण एकमेकाला घट्ट धरत नाहीत आणि रंग पुढे पावडर होतो. तिकडे फेब्रुवारी हाच महिना बरा, नाहीतर दिवसा दहा ते तीन एवढंच काम.

मराठवाडा आणि विदर्भात ओलीपेक्षा उन्हाची काळजी जास्त. नागपूर, चंद्रपूर, अकोल्याकडे एप्रिल-मेमधे ४४-४५ अंश ही नेहमीची गोष्ट, नागपुरात २०१३ च्या मे मधे ४७.९ पर्यंत गेलेलं आहे, आणि उन्हातली भिंत हवेपेक्षाही खूप जास्त तापते. अशा भिंतीवर ब्रश टेकवला की रंगातलं पाणी क्षणात उडतं, रंग पसरायला वेळच मिळत नाही, ब्रशचे पट्टे आणि जोड उठून दिसतात आणि पकड कच्ची राहते. तिकडे नोव्हेंबर आणि फेब्रुवारी हे दोन महिने धरा, डिसेंबर-जानेवारीत रात्रीची थंडी सांभाळून करा. मराठवाड्यातल्या लोकांसाठी आणखी एक मुद्दा, गिलाव्याची दुरुस्ती असेल तर तिला पाणी मारावं लागतं, आणि मार्चनंतर विहीर-बोअर आटून टँकरवर आलात की मिस्त्री म्हणतो दोन दिवस मारलं पुरे, आणि ते पुरत नाही. म्हणून दुरुस्ती डिसेंबरातच उरकून घ्या.

मार्च-एप्रिल चालतं का? हो, चालतं, कोकणात तर चांगलंच चालतं. फक्त होळी आणि रंगपंचमी होऊन जाऊ द्या, नव्या पांढऱ्या कंपाउंडवर गुलाबी हाताचे ठसे निघता निघत नाहीत. कोकणात शिमग्याला पालखी घरी येते आणि गावातले मजूर आठ-दहा दिवस काम बंद ठेवतात, उत्तरेकडचे पेंटरही होळीला गावी जातात, हे धरून चाला. खेडेगावात मळणी चालू असेल तेव्हा भुसा आणि धूळ उडते ती ओल्या रंगावर बसते.

मे महिन्यात मात्र बाहेरचं काम सुरू करू नका, संपवायचं असेल तर १० मे च्या आत संपवा. मुलांना सुट्टी, आपल्यालाही रजा, गावी जायचं असतंच, म्हणून बरेच जण मे चा शेवटचा आठवडा धरतात. मुंबईत पाऊस यायची सरासरी तारीख ११ जून आहे म्हणून आपण निर्धास्त असतो, आणि २०२५ ला तो २६ मे लाच मुंबईत पोचला, आजवरच्या नोंदीतला सगळ्यात लवकर. त्याच्या आधीचे कितीतरी दिवस वळीव कोसळतच होता. कितीतरी घरांच्या परांच्या बांधलेल्या तशाच राहिल्या, प्रायमर मारलेली भिंत चार महिने उघडी. प्रायमर हा काही रंग नाही, त्याच्यावर पाऊस झेलला गेला की सगळं परत पहिल्यापासून. हवामान खात्याचा अंदाज बघा, पण त्याच्यावरही सगळं सोडू नका, बाहेरचा शेवटचा हात आणि पहिला पाऊस यात किमान तीन-चार आठवडे मोकळे ठेवा, कारण रंग हाताला चिकटायचा थांबतो तासाभरात, पण पूर्ण पक्का व्हायला त्याला काही आठवडे लागतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे लोक करत नाहीत. रंगाचं काम डिसेंबरात असेल तर त्याची सुरुवात जुलैमधे होते. भर पावसात मोबाइल घेऊन घराभोवती फिरा. कुठे ओल आलीय, गच्चीचं पाणी कुठल्या कोपऱ्यात साचतं, पाइपच्या जोडातून कुठे ठिबकतं, छज्जाच्या खालून पाणी मागे भिंतीकडे येतं का, खिडकीच्या चौकटीला कुठे चीर पडलीय, सगळ्याचे फोटो काढून ठेवा, जमलं तर भिंतीवर पेन्सिलने खूण करा. डिसेंबरात ती भिंत इतकी छान कोरडी दिसते की ओल कुठे होती हे घरातल्या माणसालाही आठवत नाही आणि पेंटर बिचारा रंग मारून मोकळा होतो. ओल जिथून येते तिथे बंद केल्याशिवाय महागातला महाग वॉटरप्रूफ रंगसुद्धा टिकत नाही, हे मी आता कुणालाही ठामपणे सांगतो. आणि आतल्या भिंतीवर ओल दिसली म्हणजे दुरुस्ती आतून करायची असं नसतं, ओलीचं मूळ बहुतेक वेळा बाहेर, वर किंवा बाथरूममधे असतं.

क्रम असा लावा. पाऊस थांबला की ऑक्टोबर-नोव्हेंबरात गच्ची, कोबा, पॅरापेट म्हणजे गच्चीचा कठडा, पाइप, बाथरूम, यांची दुरुस्ती. बाहेरच्या भिंतीवरचं शेवाळ तारेच्या ब्रशने खरवडून, बुरशी मारायचं औषध किंवा पाण्यात ब्लीचिंग पावडर घालून धुऊन घ्या, नुसतं घासून वर रंग मारला तर तेच काळं-हिरवं वर्षभरात रंगातून परत डोकावतं. मग भेगा भरणं आणि गिलाव्याचे पॅच. गिलाव्याला आठवडाभर पाणी मारा आणि त्यानंतर सुकायला सोडा, केल्या दिवसापासून किमान २८ दिवस तरी त्याच्यावर रंग नको. ताजं सिमेंट नुसतं ओलं नसतं, ते तिखट असतं, त्याच्यातला अल्कली रंगाला जाळतो, ऑइल पेंट तर साबणासारखा मऊ पडून निघतो, पेंटर म्हणतात सिमेंटने रंग खाल्ला, ते हेच. आता हिशेब करा, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पॅच, डिसेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात तो तयार, मग प्लास्टिकची टेस्ट, मग प्रायमर आणि दोन हात. बरोबर डिसेंबर-जानेवारी येतो. हाच क्रम दिवाळीच्या आधी बसवायचा म्हटलं तर ऐन सप्टेंबरच्या पावसात गिलावा करावा लागेल, जे शक्यच नाही, आणि म्हणूनच दिवाळीच्या घाईत पॅचवर तिसऱ्या दिवशी रंग मारला जातो.

दिवाळी कधी आहे हेही दरवर्षी बघा. अधिक महिन्यामुळे ती जवळजवळ महिनाभर मागेपुढे होते. २०२५ ला लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं, २०२३ ला १२ नोव्हेंबरला, २०२६ ला ८ नोव्हेंबरला. नोव्हेंबरातली दिवाळी असेल आणि घर देशावर असेल तर पाऊस वेळेत गेलेला असल्यास बाहेरचं काम दिवाळीआधी जमूनही जातं. ऑक्टोबरातल्या दिवाळीला मात्र फक्त आतून रंग काढा आणि बाहेर नुसतं धुऊन स्वच्छ करा, पुढच्या दोन महिन्यांनी रंगवा. पाहुणे आत बसतात, भिंतीला पाठ लावून अंगणात कोणी उभं राहत नाही.

कोकणातल्या लोकांचा प्रश्न वेगळा आहे आणि तो मला मनापासून कळतो. आमचा सण गणपती. सगळे चाकरमानी घरी येणार, वर्षातून एकदा घर भरणार, तेव्हा रंग नको तर कधी? पण चतुर्थी येते भाद्रपदात, २०२५ ला २७ ऑगस्ट, २०२६ ला १४ सप्टेंबर, म्हणजे पाऊस अजून अंगणातच. श्रावणात पाऊस जरा उघडला की लोक घाईने भिंती रंगवतात आणि भिंत आतून चिंब असते. यावर उपाय मला एकच सापडलाय, गणपतीचा रंग उन्हाळ्याच्या सुट्टीच्या सुरुवातीलाच काढा. एप्रिल अखेर ते मे च्या पहिल्या दहा दिवसात बाहेरून-आतून सगळं, आणि पाऊस सुरू व्हायच्या आधी पश्चिमेकडच्या पडवीला प्लास्टिक किंवा पूर्वीसारखी माडाच्या चुडतांची झापं बांधून झड अडवा. मग चतुर्थीच्या आधी आठ दिवस फक्त गणपतीची खोली, तीही आतून, आणि तीही जर ती भिंत कोरडी असेल तर. कोरडी नसेल तर तिथे सरळ चुना मारा. चुना ओल्या भिंतीवरही चालतो, स्वस्त आहे, वास नाही, आणि मखराच्या मागे तो शुभ्र पांढरा किती छान दिसतो ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको.

आतल्या रंगाला महिन्याचं बंधन एवढं नाही. भिंतीला ओल नसेल तर जुलै-ऑगस्ट सोडून कधीही काढा. पावसात काढायचाच झाला तर दोन हातांमधे एरवी चार-सहा तास पुरतात तिथे एक अख्खी रात्र द्या, पंखे चालू ठेवा, पुट्टी म्हणजे लांबी पूर्ण वाळल्याशिवाय घासू देऊ नका. पण खरी अडचण वेगळीच असते, पावसात खिडक्या बंद ठेवाव्या लागतात आणि वास घरातच कोंडतो, घरात दम्याचं माणूस किंवा तान्हं बाळ असेल तर हे टाळाच. दहावी-बारावीचं मूल असेल तर फेब्रुवारी-मार्चही नको. हे दोन्ही सोडून जो महिना उरेल तो तुमचा महिना, बहुतेक नोव्हेंबर अखेर ते जानेवारी.

लांबीबद्दल थोडं, कारण तिचाही मोसमाशी संबंध आहे. व्हाइट सिमेंटची पुट्टी लावताना भिंत थोडी ओलसर करून घ्यावी लागते, उन्हाळ्यात तर नक्कीच, नाहीतर तापलेली भिंत पुट्टीतलं पाणी शोषून घेते आणि ती कडक न होता भुसभुशीत राहते. साधी ॲक्रिलिक पुट्टी फक्त आत, बाहेर नको. आणि बाहेर स्वस्तातला सिमेंट पेंट मारणार असाल तर त्याचं गणित उलटं आहे, त्याला आधी आणि नंतर पाणी मारावं लागतं, तो कडक उन्हात मारू नये.

लाकूड आणि लोखंड लोक विसरतात. पावसात दारं फुगतात, लागत नाहीत, म्हणून सुताराला बोलावून रंधा मारून घेतात आणि लगेच वर ऑइल पेंट. मार्चमधे तेच दार आकसतं आणि फट दिसते. दारं-खिडक्यांचं काम जानेवारी ते मार्च, लाकूड पूर्ण वाळलेलं असताना. पॉलिश तर पावसाळ्यात अजिबात नको, मेलामाइन किंवा लॅकर दमट हवेत मारलं की त्यावर पांढुरकी झाक येते. ग्रिल, गेट, पत्र्याच्या शेडचे पाइप यांना मात्र एप्रिल हा महिना बरोबर, गंज घासून रेड ऑक्साइड, म्हणजे लोखंडाचा तांबडा प्रायमर, आणि वर ऑइल पेंट, म्हणजे पावसाच्या तोंडावर लोखंड ताजं झाकलेलं असतं.

महिना बरोबर निवडला आणि दिवसाची वेळ चुकली तरी काम बिघडतं. बाहेरचं काम सावलीच्या मागे मागे फिरवायचं, सकाळी पश्चिमेची भिंत, दुपारी ऊन ढळल्यावर पूर्वेची, उत्तरेची कधीही, आणि दक्षिणेची हिवाळ्यात दिवसभर तापते म्हणून ती सकाळी लवकर. हिवाळ्यात सकाळी भिंतीवर दव असतं ते डोळ्याला दिसत नाही, कोरडं फडकं फिरवून बघा, फडकं ओलं झालं तर नऊ-दहा वाजेपर्यंत थांबा. आणि संध्याकाळी चारनंतर बाहेर नवा हात सुरू करू देऊ नका, रात्रीचं दव पडायच्या आत रंग बसला पाहिजे, नाहीतर सकाळी त्याच्यावर पाण्याचे ओघळ आणि डाग दिसतात. रोजंदारीवरचा माणूस सहापर्यंत काम करून दाखवायला बघतो, त्याला त्या वेळी आतलं घासायचं काम द्या.

सोसायटीत राहणाऱ्यांसाठी वेळापत्रक आणखी मागे न्यावं लागतं. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, बाहेरून रंग काढायचा ठराव बहुतेक तिथेच येतो, मग कोटेशन, मग तुलना, मग परत मीटिंग, कॉन्ट्रॅक्टर ठरेपर्यंत फेब्रुवारी उजाडतो आणि परांची बांधून होईस्तोवर मार्च. सात मजली दोन विंगचं काम दोन महिन्यात होत नाही, आणि मे अखेर अर्धी बिल्डिंग रंगवलेली, अर्धी खरवडलेली असं चित्र दरवर्षी कुठे ना कुठे दिसतं. कमिटीत असाल तर कोटेशन जून-जुलैमधेच मागवा, कॉन्ट्रॅक्टरलाही पावसातच गळती दाखवा, सभेत नुसता आकडा मंजूर करून घ्या आणि दिवाळी झाली की परांची उभी करा. करारात काम संपायची तारीख ३० एप्रिल लिहून घ्या.

पेंटर मिळण्याचं आणि पैशाचं पण बोलू. दसरा ते दिवाळी पेंटर तुम्हाला निवडतो, जानेवारीत तुम्ही पेंटरला निवडता. त्या काळात चांगला कारागीर स्वतः येऊन काम करतो, शिकाऊ पोरं पाठवत नाही, रेटमधे थोडं मागेपुढे होतं, आणि मुख्य म्हणजे दोन हातांमधे थांबायला त्याच्याकडे वेळ असतो. दिवाळीनंतर लगेच छठपूजेसाठी उत्तरेकडचे बरेच कारागीर गावी जातात, त्यामुळे पहिले दोन-तीन आठवडे कोणी मिळत नाही असं वाटेल, घाबरू नका, ते परत येतात आणि भिंतही तोवर वाळत असते. घरात एप्रिल-मेमधे लग्न असेल तर जानेवारीतच रंग काढून टाका, लग्नाच्या आधी आठ दिवस हळदीचा मांडव आणि पेंटरची शिडी एकाच अंगणात नको.

काम झालं की एक करा, प्रत्येक भिंतीच्या रंगाचा शेड नंबर, डब्यावरची तारीख आणि रंग काढल्याचा महिना एका कागदावर लिहून माळ्याच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा, उरलेला रंग लहान डब्यात काठोकाठ भरून घट्ट झाकण लावून सावलीत ठेवा. आणि जुलै आला की परत मोबाइल घेऊन घराभोवती एक फेरी.